आधी वर्ग, मग प्रमाणपत्र

प्राथमिक शिक्षक होण्याचा सरळ रस्ता महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. बारावी, मग दोन वर्षांचं डीएड, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि मग नशीब. या रस्त्याच्या पाटीवरचं नाव दर काही वर्षांनी बदलतं. डी.एड.चं डी.टी.एड. झालं, डी.टी.एड.चं डी.एल.एड. झालं. बोलताना मात्र सगळे अजून ‘डीएड’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. या रस्त्याला लागून एक आडवाट कायम राहिलेली आहे. आधी वर्गावर उभं राहायचं, शिकवायला लागायचं, आणि प्रशिक्षण नोकरी सांभाळून पुरं करायचं : रात्री, सुट्टीत, टपालाने आलेल्या पुस्तकांवरून, किंवा आता मोबाइलवर.

ही आडवाट इंटरनेटने काढली आणि म्हणून ती जरा संशयास्पद, असं बोललं जातं. ‘ऑनलाइन डीएड’ हे शब्द उच्चारताना लोकांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते बघण्यासारखं असतं. पण मिळेल तेवढं वाचल्यावर मला जे दिसतं ते असं : ही आडवाट सरळ रस्त्याहून जुनी आहे, ती दर वेळी सरकारनेच पाडलेली आहे, आणि तिच्यावरून चालत आलेल्या माणसाला ‘तू कुठून आलास?’ हा प्रश्नही दर वेळी सरकारच्याच कुठल्या तरी खात्याने विचारलेला आहे.

या विषयात मला रस का, हे आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. कोड लिहायला मी शिकलो ते पुंडलिकनगरातल्या भाड्याच्या खोलीत, रात्री लॅपटॉपवर व्हिडिओ बघून. नोकरीच्या मुलाखतीत मला एकानेही विचारलं नाही की हे तू कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकलास. समोर एक प्रश्न टाकला, सोडवून दाखव म्हणाले. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मॅडमनी त्याच सुमारास, तसेच व्हिडिओ बघून, पहिलीच्या वर्गाला शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळवलं. त्यांच्या कागदाची वैधता ठरवायला मात्र प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तेही एकापेक्षा जास्त वेळा. त्यांच्याकडे पुढे येतो. आधी दोनशे वर्षं मागे जाऊ.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असताना इथे सरकारी शाळांची कल्पना रुजू लागली. शाळा काढायच्या तर पुस्तकं हवीत आणि मास्तर हवेत, आणि दोन्ही नव्हतं. गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. तिथे धुळाक्षरं, मोडी, पाढे, हिशेब चालत, आणि पंतोजीला कुणी प्रशिक्षण दिलेलं नसे. तो आपल्या पंतोजीकडे जे शिकला तेच शिकवी. नवी पुस्तकं, नवं गणित, भूगोल हे शिकवणारा माणूस तयार करायला हवा होता. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या संस्थेचा सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा मराठीत गणिताची पुस्तकं तयार करणारा अधिकारी. त्याच्या देखरेखीखाली २४ जण मुंबईत तयार करण्यात आले आणि १८२६च्या सुमारास त्यांना इलाख्यातल्या जिल्ह्यांत पाठवण्यात आलं. पश्चिम भारतात सरकारी खर्चाने ‘प्रशिक्षित’ शिक्षक ही जात सुरू होते ती इथून.

या २४ जणांना शिकवण्याची जी पद्धत देण्यात आली ती मजेशीर आहे. तिला लँकेस्टर पद्धत म्हणत. थोरल्या मुलाने धाकट्या मुलांना शिकवायचं, मास्तराने फक्त थोरल्यांकडे बघायचं. एक मास्तर, शंभर मुलं, खर्च कमी. ती इंग्लंडातून आली असं आपण मानतो. पण अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासेत मुलं एकमेकांना वाळूत अक्षरं गिरवायला शिकवताना पाहिली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कल्पना लंडनला नेली. तिथे ती लँकेस्टरच्या हाती वाढली आणि वीस-पंचवीस वर्षांनी सायबाचा शिक्का घेऊन परत मुंबईला उतरली. म्हणजे आमच्याकडे पहिल्या प्रशिक्षित शिक्षकांना जे प्रशिक्षण मिळालं, ते मुळात अप्रशिक्षितांनी एकमेकांना कसं शिकवावं याचंच होतं.

पद्धतशीर नॉर्मल वर्ग सुरू व्हायला आणखी दोन दशकं गेली. १८४५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये असा वर्ग निघाला आणि त्याची सूत्रं बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. आपण त्यांना ‘दर्पण’मुळे ओळखतो आणि ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतो. मराठी शिक्षकांचे पहिले शिक्षक म्हणून त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४६ला ते गेले. त्यांना हे काम करायला जेमतेम वर्ष मिळालं.

सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण तर आडवाटेचंच. जोतीरावांनी घरी शिकवलेल्या या बाई पुढे अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकल्या, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. मिशनरी बाईंच्या त्या वर्गांना आजच्या भाषेत ‘मान्यता’ होती का, हा प्रश्न विचारायचं धाडस आज कुणी करणार नाही. १८४८ला भिडे वाड्यात शाळा उघडली तेव्हा मुलींना शिकवायला दुसरं कोण मिळणार होतं?

जोतीरावांनी स्वतः या प्रश्नावर जे लिहिलं, ते प्रत्येक डीएडच्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी वाचायला हवं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा हे तर त्यांनी मागितलंच. पण त्या पुढे जाऊन ते म्हणाले की तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, मुलांत मिसळणारा असावा, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचं हत्यार हातात धरायला त्याला लाज वाटू नये. पगार किती, हेही त्यांनी आकडा घालून लिहिलं : किमान १२ रुपये, आणि मोठ्या गावांत १५ ते २०. प्रशिक्षण, शिक्षक कुठल्या घरातून येतो, आणि त्याला पैसे किती मिळतात या तीन गोष्टी त्यांनी एका दमात मांडल्या होत्या. नंतरच्या काळात आपण पहिलीवर ग्रंथ लिहिले, दुसरीवर भाषणं केली आणि तिसरी वित्त विभागाकडे सोपवली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मराठी मुलखातला बहुसंख्य प्राथमिक शिक्षक कसा घडला, हे आजच्या पिढीला सांगून पटत नाही. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल नावाची परीक्षा असे. ती पास झालेला पोरगा मास्तर होऊ शकत असे. सातवी पास, मिसरूड फुटलेलं नाही, आणि समोर चौथीची मुलं. काही वर्षं नोकरी झाली की ट्रेनिंग कॉलेजला पाठवत. मग पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असं करत त्याची पायरी वाढे आणि पगार वाढे. म्हणजे आधी वर्ग आणि मग प्रमाणपत्र हाच तेव्हा राजमार्ग होता. ‘अप्रशिक्षित’ हा शब्द कागदावर होता, पण त्यात शिवी नव्हती. तो नोकरीतला एक टप्पा होता.

अनुताई वाघांचा प्रवास असाच झाला. व्हर्नाक्युलर फायनल, मग प्रशिक्षण, मग शिक्षिकेची नोकरी, नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि पदवी तर वयाच्या पन्नाशीत. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी मुलं गुरं सोडून शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली. तिथल्या अंगणवाड्यांसाठी त्यांनी स्थानिक बायकांना हाताशी धरून शिकवलं, आणि ते शिकवणं ग्रंथालयात बसून झालं नाही. बाईने मुलांसमोर बसायचं, ताराबाई किंवा अनुताई बाजूला बसणार, नंतर बोलणार. हे ‘बाजूला बसणं’ लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ला ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झालं. नावातच १८८२च्या निवेदनाची आठवण होती. तिथून तयार झालेले मास्तर खेड्यापाड्यांतल्या एकशिक्षकी शाळांवर गेले.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट वेगळी. १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी शाळा थोड्या, मराठी शिक्षक त्याहून थोडे. इथल्या राष्ट्रीय शाळा ज्यांनी चालवल्या त्यांच्याकडे बघा. १९२१ला निघालेल्या हिप्परग्याच्या शाळेत, आणि नंतर अंबाजोगाईला, व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक होते. त्यांचं उच्च शिक्षण झालं टिळक महाराष्ट्र विद्यापीठात. हे विद्यापीठ असहकाराच्या लाटेत १९२१ला उभं राहिलं होतं, आणि त्याच्या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. मान्यतेचा कागद त्या संस्थेला मिळाला तो थेट १९८७ला. हे खेडगीकर म्हणजे संन्यास घेतल्यावरचे स्वामी रामानंद तीर्थ. मराठवाड्याने ज्यांना सगळ्यात मोठा गुरुजी मानलं, त्यांची पदवी कुठल्याही पोर्टलवर अपलोड झाली नसती.

स्वातंत्र्यानंतर रस्ता हळूहळू सरळ होत गेला. सातवीऐवजी मॅट्रिक, मग बारावी. १९८६च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, डाएट या नावाने आपण ओळखतो त्या. १९८९ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, आणि नोकरीतल्या शिक्षकाने घरी बसून, टपालाने पुस्तकं मागवून, सुट्टीत संपर्क सत्रांना हजेरी लावून पदवी घेणं ही नेहमीची गोष्ट झाली. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी गुरुजी ‘बाहेरून’ शिकले. ‘बाहेरून’ या शब्दाला अजून थोडा वास आहे, पण पगारवाढ मिळायची, त्यामुळे कुणी फार नाक मुरडत नसे.

मग आलं २००० साल. इथे थोडं थांबतो, कारण आजचा सगळा गुंता या एका दशकातला आहे.

त्या सुमाराला राज्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, शिक्षणसेवक योजना. डीएड झालेल्या माणसाला थेट शिक्षक म्हणून घ्यायचं नाही. तीन वर्षं मानधनावर ठेवायचं, मग कायम करायचं. प्राथमिकला मानधन होतं महिना ३,००० रुपये. (पुढे ते ६,००० झालं, आणि २०२३ला १६,०००.) दुसरी, वस्तीशाळा. जिथे जवळपास शाळा नाही अशा वाड्यावस्त्यांवर, तांड्यांवर, एखाद्या झाडाखाली किंवा कुणाच्या ओसरीत शाळा भरवायची आणि गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी तिथे नेमायची. त्यांना शिक्षक म्हणायचं नाही. ‘स्वयंसेवक’ म्हणायचं, नंतर ‘निमशिक्षक’. मला हा ‘निम’ फार बोलका वाटतो. अर्धा पगारही नव्हता, पण मुलं मात्र पूर्ण होती. या निमशिक्षकांनी पत्रद्वारा डीएड केलं. दिवसा शाळा, रात्री अभ्यास, सुट्टीत तालुक्याला वर्ग. शाळा वस्तीवर टिकली ती त्यांच्यामुळे. जिल्हा परिषदेच्या सेवेत नियमित व्हायला त्यांना २०१४ उजाडलं, आणि त्याआधीची वर्षं सेवेत धरा ही मागणी त्यांनी त्यानंतरही चालू ठेवली.

त्याच दशकात दुसरीकडे डीएडचं पेव फुटलं. बारावीला बरे गुण मिळालेली गरीब घरची मुलगी म्हणजे डीएड, असं समीकरण होतं. दोन वर्षांत नोकरी, आणि लग्नाच्या बाजारात डीएडवाल्या सुनेला भाव. राज्यात अध्यापक विद्यालयांची संख्या हजाराच्या वर गेली. २०१०ला सीईटीने भरती झाली आणि नंतर नळ बंद झाला. २०१२ला भरतीवर बंदी आली, डिसेंबर २०१३ला पहिली टीईटी झाली आणि बसलेल्यांपैकी फारच थोडे पास झाले. विद्यालयं ओस पडू लागली, एकामागून एक बंद झाली. माझ्या नात्यात दोघी अशा आहेत की ज्यांचं डीएड झालं आणि ज्यांनी एकही दिवस शाळेत शिकवलं नाही. एक शिवणकाम करते, एक मेडिकल दुकानात बसते.

आता गंमत बघा. ज्या राज्यात लाखो डीएडधारक घरी बसले होते, त्याच राज्यात, त्याच गल्ल्यांत, प्रमाणपत्र नसलेले लोक वर्गावर शिकवत होते. हे कसं? पुंडलिकनगर, गारखेडा, हा सगळा भाग गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाढला. खेड्यातून शहरात आलेल्या, कंपनीत किंवा बांधकामावर काम करणाऱ्या, छोटी दुकानं टाकणाऱ्या लोकांची ही वस्ती. त्यांच्या मुलांसाठी दोन-तीन खोल्यांच्या, कमी फीच्या खाजगी शाळा निघाल्या. तिथला पगार इतका की डीएडवाली बाई येईना, आली तर टिकेना. मग त्याच गल्लीतली बी.ए. झालेली, किंवा बारावी झालेली, नवऱ्याच्या परवानगीने अर्धा दिवस बाहेर पडू शकणारी बाई आली. ती शिकवायला लागली आणि बारा-पंधरा वर्षं शिकवत राहिली. त्यात वाईट शिक्षिका होत्या, चांगल्याही होत्या, जशा सगळीकडे असतात.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या २३व्या कलमाने सांगितलं की शिक्षकाकडे ठरलेली पात्रता हवी. नसेल तर पाच वर्षांत मिळवा. ही पाच वर्षं २०१५ला संपली. देशात लाखो शिक्षक तसेच होते. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात हे मला चांगलं माहीत आहे : डेडलाइन निघून गेली, काम झालं नाही, मग वरून नवी तारीख येते आणि या वेळी ती ‘शेवटची’ असते. ऑगस्ट २०१७मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. ३१ मार्च २०१९पर्यंत सगळ्यांनी पात्र व्हा, नाहीतर नोकरी नाही.

एवढ्या लोकांना दीड वर्षात शिकवणार कोण? एवढी विद्यालयं नव्हती, आणि हे लोक नोकरी सोडून विद्यालयात जाणारही नव्हते. म्हणून काम राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे दिलं. जुलै २०१७ला केंद्राचं ‘स्वयम’ हे व्यासपीठ नुकतंच सुरू झालं होतं. त्यावर अभ्यासक्रम, ‘स्वयंप्रभा’च्या डीटीएच वाहिनीवर व्याख्यानं, जवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्क वर्ग, आपल्याच शाळेत करायची कामं, आणि परीक्षा. देशभरातून सुमारे १५ लाख लोकांनी नोंदणी केली. शिक्षक प्रशिक्षणाचा एवढा मोठा ऑनलाइन वर्ग तोवर या देशात भरलाच नव्हता. मुदत १८ महिन्यांची. नेहमीचं डीएड दोन वर्षांचं असतं, त्यातले सहा महिने कमी केले, कारण सांगितलं गेलं की नव्या विद्यार्थ्याला शाळेत जाऊन जो सराव करावा लागतो तो हे लोक रोज करतच आहेत. तर्काला धरून होतं.

आमच्या वरच्या मॅडम या १५ लाखांतल्या एक. पहिलीला शिकवायच्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि इमारतीतला ‘कम्प्युटरवाला पोरगा’ असल्याने लॉगिन करून देणं, फोटो ठरलेल्या आकारात बसवणं ही कामं माझ्याकडे यायची. रात्री साडेनवाला स्वयंपाकघर आवरून त्या व्हिडिओ लावायच्या. हिंदीतलं व्याख्यान मध्येच थांबवून वहीत मराठीत लिहायच्या. त्यांना एक जास्तीचा त्रास होता. बारावीला ५० टक्के हवेत अशी अट होती, आणि यांना २० वर्षांपूर्वी ४७ होते. नियमाप्रमाणे गुण वाढवण्यासाठी बारावीच्या एका विषयाची परीक्षा पुन्हा द्यायची होती. मुलगा दहावीला आणि आई बारावीला, असं ते वर्ष त्यांच्या घरात गेलं.

एकदा त्यांनी मला विचारलं, “अरे, हे ज्ञानरचनावाद म्हणजे काय ते जरा इंटरनेटवर बघून सांग ना.” मी वाचून दाखवलं : मूल रिकामं भांडं नसतं, ते स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं वगैरे. त्या म्हणाल्या, “हे होय? मग मण्यांच्या माळा करून मी दशक-एकक शिकवते ते काय करते?” मग त्यांनी त्या माळांवरच स्वाध्याय लिहिला. मला तेव्हा जाणवलं की या अभ्यासक्रमाने त्यांना नवं काही दिलं त्याहून जास्त, त्या जे करत होत्या त्याला नाव दिलं. हे कमी नाही. नाव कळलं की माणूस तेच काम ठरवून करतो, आणि कुठे चुकतंय हेही त्याला सांगता येतं.

काय मिळालं नाही, तेही सांगायला हवं. त्यांचा वर्ग मागे बसून बघणारं कुणी आलं नाही. शाळेत करायच्या कामांवर मुख्याध्यापकांची सही लागे, ती मिळाली. जुन्या ट्रेनिंग कॉलेजला सराव शाळा जोडलेली असायची. पाठ चालू असताना मागे मास्तर बसलेला असायचा, पाठ संपल्यावर टाचणावर लाल शेरे मारायचा. तो जाच होता, आणि शिकणं तिथेच व्हायचं. कोसबाडला तेच होतं. २०१५च्या आसपास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात होते, तेही दुसऱ्याचा वर्ग मागे बसून बघायलाच. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी तो आपण बघतो; तो आपल्याला बघत नाही. पण हा दोष एकट्या ऑनलाइन शिक्षणावर ढकलता येत नाही. डीएडच्या शेवटच्या काळात कित्येक विद्यालयांत पाठ कागदावरच होत असत, हे त्या काळात शिकलेल्या कुणालाही विचारा.

मार्च २०१९ला शेवटच्या परीक्षा झाल्या, निकाल लागले. आणि त्याच वर्षी बिहारमध्ये शिक्षक भरती निघाली तेव्हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, सांगितलं की हे १८ महिन्यांचं डीएड नव्या नेमणुकीला चालणार नाही. ज्या सरकारने ‘हे करा नाहीतर घरी जा’ म्हटलं, त्याच सरकारचं दुसरं खातं म्हणालं की केलंत ते ठीक, पण ते फक्त आहे तिथे राहण्यापुरतं. जानेवारी २०२०ला पाटणा उच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. नोव्हेंबर २०२३ला उत्तराखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलं : १८ महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही. डिसेंबर २०२४ला त्याच न्यायालयाने खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ रोजी जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत अभ्यासक्रम पुरा केला, त्यांची पदविका ग्राह्य धरावी, त्यांना दुसरीकडेही अर्ज करता यावा. पाच वर्षांत एकच कागद वैध, अवैध, पुन्हा वैध. कागदावरचा मजकूर या काळात एका अक्षरानेही बदलला नव्हता.

सरळ रस्त्याने आलेल्यांचं तरी बरं चाललं होतं का? टीईटीचे गुण पैसे घेऊन वाढवल्याचं प्रकरण डिसेंबर २०२१ला पुण्यात उघड झालं, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. आणि ज्यांच्याकडे बी.एड. होतं, म्हणजे डीएडपेक्षा ‘वरची’ पदवी, त्यांनाही ११ ऑगस्ट २०२३च्या निकालाने प्राथमिकचं दार बंद झालं. २०१८ला एनसीटीईनेच त्यांना पहिली ते पाचवीला चालतील म्हटलं होतं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायच्या अटीवर. निकालाआधी नेमल्या गेलेल्यांची नोकरी वाचली, पण तो सेतू अभ्यासक्रम तर इतक्या वर्षांत कुणी सुरूच केला नव्हता. २०२५ला तो सुरू करायचं काम आलं पुन्हा एनआयओएसकडे. पुन्हा दूरशिक्षण, पुन्हा नोकरीत असताना, पुन्हा मुदत.

१ सप्टेंबर २०२५ला आणखी एक निकाल आला, आणि हा महाराष्ट्रातून गेलेल्या अपिलांवरचा. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या प्रत्येक सेवेतल्या शिक्षकाने दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाही झाली तर नोकरी सोडायची. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे गेला. जिल्हा परिषदेत वीस-पंचवीस वर्षं काढलेले गुरुजी, पत्रद्वारा डीएड केलेले जुने निमशिक्षक, खाजगी शाळांतल्या ऑनलाइन डीएडवाल्या बाया, सगळे एका रांगेत आले. आडवाट आणि सरळ रस्ता हा फरकच पुसला गेला.

प्राथमिकच्या पहिल्या पेपरला १५० प्रश्न, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. मण्यांची माळ कशी करायची, रडणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी वर्गात कसं बसवायचं, हे त्यात कुठे बसवणार? हे विचारायची सोय चार पर्यायांत नाही, म्हणून ते विचारत नाहीत.

आमच्या भागातल्या अभ्यासिकांत सध्या या पेपरची तयारी चालू आहे. एका टेबलावर नुकतं डीएड झालेली बाविशीतली मुलगी, शेजारच्या टेबलावर शाळा सुटल्यावर आलेली पंचेचाळिशीची बाई. दोघींकडे तेच जाड पुस्तक, तीच मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स. मॅडम परिसर अभ्यासाला घाबरत नाहीत, इंग्रजीला घाबरतात. मुलगी उलट. परवा त्या दोघींनी आपसांत ठरवलं की रोज सातनंतर अर्धा तास एकीने दुसरीला इंग्रजी सांगायचं आणि दुसरीने पहिलीला परिसर अभ्यास.